गोडसे भटजींच्या आठवणी

सन १८५७ च्या धामधुमीसंबंधी सरकारी दप्तरे पुष्कळ आहेत. परंतु त्या दिवसांत माणसांना तहान कशी लागत होती, हे दप्तरात सापडावयाचे नाही. त्यासाठी वरसईच्या विष्णुभट गोडशांकडेच जावे लागते. घरचे कर्ज फिटावे म्हणून, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञातील दक्षिणेच्या आशेने, हे भिक्षुक चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले आणि बंडात सापडले. पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून, त्यांनी आठवणी लिहिल्या. वैद्यांनी त्या १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने छापल्या. भाषेवर हात मात्र बराच फिरविला. मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केला, हे बरे झाले.

संशोधक या ग्रंथातील तिथिवार पारखून घेतात, आणि ते योग्यच आहे. पण काल्पीच्या वाटेवरील ती विहीर पाहा! पठाणी वेषातील, धुळीने माखलेली, तहानेने व्याकुळ झालेली झाशीची राणी तेथे येते. भटजी पाणी काढू लागतात, तेव्हा विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी श्रम करू नयेत, असे सांगून ती मातीचे भांडे स्वतः विहिरीत सोडते आणि ओंजळीने पाणी पिते. बखरकाराने येथे पराक्रम वर्णिला असता. गोडशांना ओंजळ आठवली.

मिळालेली दक्षिणा लुटीत गेली. तरीही गंगोदकाची कावड खांद्यावरून कोकणात आणून त्यांनी आईवडिलांना स्नान घातले.