भाकर चौथी

पुणतांब्याला गोदावरीकाठी चांगदेवांची समाधी आहे. आमचं घर तिथून लांब, स्टेशनच्या अंगाला, आणि घर ख्रिस्ती. तरी चांगदेवांची गोष्ट मला पहिल्यांदा सांगितली ती आजीनं. चौदाशे वर्षं जगलेला योगी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला आणि मायन्यावरच अडला. वयानं लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं, तर ज्ञानानं मोठा. ‘तीर्थरूप’ लिहावं, तर पोरगं. शेवटी कोराच कागद धाडला. मुक्ताबाई त्यावर काय म्हणाली हे गावात शेंबडं पोरही सांगेल. आजी मात्र पुढं पुस्ती जोडायची, “आपल्या घरातबी एक कोरा कागूद तीन रात्री पडून व्हता.”

तो कागद 1961 सालचा. थोरले काका मॅट्रिक झाले होते आणि कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा फारम आला होता. त्यात धर्म आणि जात असे दोन रकाने. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीत धरला जात नाही. पुढं 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध आत आले. ख्रिस्ती आजही बाहेर. पाणवठ्यावर मात्र आजोबांना कुणी ख्रिस्ती म्हणून वेगळं पाणी दिलं नव्हतं. तिथं ते महारच होते. कारकुनानं आपुलकीनं सुचवलं, “हिंदू लिहा की. कोण बघायला येतंय?”

आजोबांनी फारम घरी आणला, बायबलखाली ठेवला आणि म्हणाले, “प्रार्थना करून बघतो.”

आमच्या घरात हे वाक्य जुनं होतं. दौंड-मनमाड रेल्वे 1878 मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या दुष्काळात तिच्या भरावाची माती आमच्या घरच्यांनी वाहिली, असं म्हातारी माणसं सांगत. पोटाला मिळालं ते त्या पाट्यांवर. पुढं पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून होतं, खेड्यापाड्यांत त्यांच्या शाळा होत्या. पणजोबा तिथंच अक्षरं गिरवायला शिकले. बाप्तिस्मा झाला आणि येसकरपाळीची, म्हणजे गावकामाच्या बदल्यात घरोघर मिळणारी, भाकर बंद झाली. दोन महिने विचार करून, गुडघे टेकून मग बाप्तिस्मा घेतलेला माणूस. भाकर जाणार हे त्यांना ठाऊक होतं. महार वतनं कायद्यानं गेली ती 1958 च्या कायद्यानं. आमच्या घरातलं तेव्हाच गेलं होतं.

पणजोबांनी राहुरीला कवी नारायण वामन टिळकांचं कीर्तन ऐकलं होतं म्हणे. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. त्यानंतर काही वर्षं नवरा-बायकोची ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला. 1917 मध्ये टिळकांनी मिशनचा पगारही सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. टिळकांच्या निवडी लोक भक्तिभावानं सांगतात. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला दर वेळी वाटतं, त्या निवडींचा हिशेब चुकता केला तो लक्ष्मीबाईंनी. आजीबद्दलही मला तेच म्हणायचं आहे.

ती संध्याकाळी ओसरीवर ज्वारी पाखडत बसायची. सूप वर जायचं, फोलपाट वाऱ्यावर, दाणे मागं. हात चालू असतानाच तिनं मला प्रभूची प्रार्थना शिकवली. ओळ म्हणून घ्यायची आणि मधेच थांबून विचारायची, “भाकर कितवी?” मी बोटं मोजायचो. आधी देवाचं नाव, मग त्याचं राज्य, मग त्याची इच्छा, आणि मग आजची भाकर. “चौथी.” “हां. पर हाय. ग्येली न्हाई.” दुष्काळ बघितलेल्या घरातली बाई हे म्हणत होती, हे मला फार उशिरा उमगलं.

तर ते तीन दिवस. आजोबा पहाटे उठून ओट्यावर बसायचे. पहिल्या दिवशी पोराच्या शिक्षणासाठी मागितलं. दुसऱ्या दिवशी कारकुनावर राग काढला, सरकारवर काढला, थोडा देवावरही. मी मोठेपणी विचारलं, “मग देवानं काय सांगितलं?” म्हणाले, “देव काय बोलला न्हाई. मीच बोलून बोलून दमलो. आपण मागतोय त्यातलं निम्मं लोकांनी वाहवा करावी म्हणून हाय, हे आपल्याच तोंडून ऐकू येतं. ते टाकत गेलो. शेवटाला जे उरलं ते लिवलं.”

रकान्यात ‘ख्रिस्ती’ लिहिलं. शिष्यवृत्ती गेली. फीसाठी म्हैस विकली.

हरेगावच्या साखर कारखान्यात असलेल्या आजोबांच्या धाकट्या भावासमोर पुढल्याच वर्षी तसाच फारम आला. त्यांनीही प्रार्थना केली आणि ‘हिंदू’ लिहिलं. त्यांचा मुलगा शिकून मास्तर झाला, दोन बहिणींची लग्नं त्यानं लावली. तरुणपणी मी आजोबांना शूर आणि धाकट्या आजोबांना कच्चे समजत होतो. आता तसं म्हणायला जीभ वळत नाही. एकानं पोराचं शिक्षण अडचणीत घातलं, दुसऱ्यानं स्वतःचं नाव. असा रकाना छापणाऱ्याला मात्र कुणी गुडघे टेकायला लावलं नाही. नाताळला दोघे भाऊ एका ताटात जेवायचे आणि फारमाचा विषय कुणीच काढत नसे.

म्हशीचं नाव चंद्री होतं. रात्रीच्या प्रार्थनेत आजी सगळ्या पोरांची नावं घ्यायची, नंतर धाकट्या दिराच्या पोरांची, आणि अगदी शेवटी, आवाज उतरवून, चंद्रीचं. ते नाव येईपर्यंत आजोबा आमेन म्हणत नसत.