प्रवासी ट्रेलरची भारविभागणी : एक ऐतिहासिक आढावा

दोन चाकांच्या गाडीत मागील बाजूस ओझे अधिक झाले की जू वर उचलले जाते. या अवस्थेला मराठीत ‘उलाळ’ असा नेमका शब्द आहे. मोटारीमागे जोडलेल्या प्रवासी ट्रेलरचा प्रश्न मुळात हाच होय. मात्र बैलगाडीची उलाळ जागच्या जागी दिसते. ट्रेलरचा दोष वेगात उघड होतो आणि तेव्हा सावरण्यास अवधी उरत नाही.

चाकांवरील घर मोटारीपेक्षा जुने आहे. गॉर्डन स्टेबल्स या लेखकाने १८८५ मध्ये ब्रिस्टॉल येथे बांधून घेतलेली ‘वाँडरर’ घोडे ओढत असत. त्या चालीत आडव्या हेलकाव्यांचा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. १९१९ पासून बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीमागे जोडावयाच्या कॅराव्हॅन बनविल्या आणि वेगाबरोबर प्रश्नही बदलला. जोड मोटारीच्या अगदी मागील टोकास असल्याने तो तरफेसारखा कार्य करतो. त्यावरील भार मोटारीची पुढील चाके हलकी करतो, तर ट्रेलरचा आडवा हेलकावा मोटारीची दिशाच बदलू पाहतो. वैमानिक ग्लेन कर्टिस याने ‘एरोकार’मध्ये हा जोड पुढे, मागील आसाच्या आसपास आणून दुखण्याच्या मुळावरच उपाय केला होता. सामान्य ग्राहकाला मात्र कोणत्याही मोटारीस बसणारा गोळ्याचा जोड सोयीचा वाटला. सोयीची ही निवड पुढील पिढ्यांना महाग पडली.

अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडावर ठेवण्याचा प्रघात पडला. ३००० किलोच्या ट्रेलरसाठी हा भार ३०० ते ४५० किलो होतो. त्याने मोटारीचा मागील भाग दबतो. म्हणून स्प्रिंगच्या दांड्यांनी काही भार पुढील आसावर व ट्रेलरच्या चाकांवर सरकवणारा भारविभाजक जोड प्रचारात आला. युरोपने जोडावरील भार सामान्यतः ७५ ते १०० किलोंच्या मर्यादेत ठेवला आणि त्याची किंमत वेगमर्यादेच्या रूपाने चुकती केली. जर्मनीत अशा वाहनांना सर्वसाधारणपणे ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. विशिष्ट अटी पूर्ण केल्यास ती १०० होते.

भारविभाजक जोडामुळे एक गैरसमजही रुजला : मोटार समपातळीत दिसली की ती स्थिर झाली. वस्तुतः दांड्या प्रमाणाबाहेर ताणल्यास मागील चाकांवरील भार घटतो आणि वळणावर मोटारीचा मागील भाग घसरण्याचा संभव वाढतो. शिवाय जोडावरील भार अचूक असूनही जड सामान ट्रेलरच्या दोन्ही टोकांना ठेवले, तर सुरू झालेला हेलकावा आवरणे कठीण जाते. तेच सामान आसाजवळ ठेवल्यास हा धोका कमी होतो. काट्यावर दोन्ही ट्रेलर सारखेच भरतात.

किती वजन ओढता येईल हे अमेरिकेतील मोटार उत्पादक दीर्घकाळ आपापल्या पद्धतीने ठरवीत. सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सचे ‘जे २८०७’ हे समान मानक २००८ मध्ये आले; टोयोटाने ते २०११ च्या मॉडेलपासून प्रथम स्वीकारले. त्यातील चाचणी ठरावीक रीतीने भरलेल्या ट्रेलरवर होते. सुटीला निघालेले कुटुंब पाण्याची टाकी किती भरते आणि सायकली कोठे टांगते, हे त्या चाचणीच्या कक्षेबाहेरच राहते.