गोडाची हौस आणि गोडाची सवय

धारवाडच्या लाइन बाजारातील पेढ्याची कीर्ती दूरवर पसरलेली आहे. उत्तर प्रदेशातील उन्नावकडून आलेल्या ठाकूर घराण्याने एकोणिसाव्या शतकात तो येथे रुजविला, अशी परंपरा सांगतात. खवा तांबूस होईपर्यंत परतावयाचा आणि वळलेला पेढा साखरेच्या पुडीत घोळवावयाचा, ही त्याची रीत. भौगोलिक निर्देशांकाचा मानही त्याला लाभला आहे. परंतु पेढा हा मुळात रोजचा पदार्थ नव्हे. मुलगा परीक्षेत उत्तीर्ण झाला, घरात पाळणा हलला, म्हणजे पेढे वाटावयाचे. गोड हे आनंदाचे निमित्त होते. आनंदाची जागा त्याने घेतली नव्हती.

साखर ही भारताने जगाला दिलेली वस्तू. संस्कृतातील शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर झाली आणि पुढे युरोपच्या भाषांत गेली. साखरेच्या या देशाला मधुमेहाची ओळखही फार जुनी. मूत्राकडे मुंग्या धाव घेतात, हे लक्षण चरकसंहितेत नोंदलेले आहे. सुश्रुतसंहिता तर निर्धन रोग्याला पादत्राणे व छत्री यांवाचून, भिक्षान्नावर राहून शंभर योजने चालावयास सांगते. औषध विकत घेण्याची ऐपत नसली, तरी पाय आहेतच!

मग रोजच्या जीवनात साखर इतकी शिरली केव्हा? पाहुण्यापुढे गूळपाणी ठेवण्याची आपली जुनी चाल; पुढे ती जागा चहाने घेतली. १९३२ साली साखरेच्या धंद्याला जकातीचे संरक्षण मिळाले आणि थोड्याच वर्षांत देशातील कारखान्यांची संख्या तिसांच्या घरातून शंभरावर गेली. त्याच दशकात चहाचा प्रसारही जोमाने झाला. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. शेतकऱ्याच्या घरी त्यामुळे पैसा आला, यात शंका नाही. पण सणाची वस्तू त्याच काळात दिवसातून चारदा पेल्यात पडू लागली, हेही तितकेच खरे.

साखर कमी मिळाली तर काय होते, याचा एक नकळत घडलेला प्रयोग इंग्लंडात झाला. महायुद्धामुळे तेथे साखरेचे रेशनिंग होते. ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि लोकांचा साखरेचा खप जवळजवळ दुप्पट झाला. गर्भावस्थेपासूनची पहिली वर्षे ज्यांनी रेशनमध्ये काढली, त्यांना उतारवयात मधुमेह होण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आढळला. २०२४ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचे २०२३ सालच्या पाहणीत दिसून आले. तेव्हा घरातील लहान मुलांच्या पेल्यात किती साखर पडते, हा प्रश्न क्षुल्लक म्हणता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी. २५ ग्रॅमच्या आत ठेवल्यास अधिक बरे. दोन चमचे साखरेचे चार पेले चहा घेतले, की २५ ग्रॅमची मर्यादा तेथेच ओलांडली जाते. गूळ आणि मधही याच हिशेबात धरावयाचे.

उपाय मात्र साधा आहे. साखर एकदम सोडणारा माणूस बहुधा आठवड्यात तिच्याकडे परततो; अर्धा चमचा कमी करून काही दिवस थांबणाऱ्याची जीभ नव्या चवीला सरावते. दुपारी गोडाची ओढ लागते ती पुष्कळदा पोट रिकामे असल्यामुळे. सकाळी भाकरी आणि मटकीची उसळ पोटभर खाल्ली, दुपारी मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे जवळ ठेवले, तर ती ओढ ओसरते. पुरी झोप आणि जेवणानंतरची शतपावली यांचाही मोठा आधार होतो. गोड खावयाचेच, तर ते जेवणाबरोबर, बेताने आणि चवीने खावे.

पेढ्याशी वैर धरण्याचे कारण नाही. त्याला त्याचा सण परत द्यावा, म्हणजे झाले. रोज खाल्लेल्या पेढ्याची गोडी जिभेला कळत नाही; वाट पाहून मिळालेला एकच पेढा पुष्कळ दिवस आठवतो.