चित्रकथेतील रौद्र आणि करुण : एका मतपरंपरेचा मागोवा

जपानी चित्रकथा आणि त्यांवर आधारलेले ॲनिमे यांचा चाहतावर्ग महाराष्ट्रातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमध्ये आता चांगलाच वाढलेला आहे. केंतारो मिउरा यांची १९८९ मध्ये सुरू झालेली ‘बर्सर्क’, हाजिमे इसायामा यांची ‘अटॅक ऑन टायटन’ (२००९–२०२१) आणि कोयोहारू गोतोगे यांची ‘डिमन स्लेयर’ (२०१६–२०२०) ही त्यांतील ठळक नावे होत. या कृतींत रक्तपात, अंगच्छेद आणि नरभक्षण यांची चित्रे विपुल आहेत. तथापि त्यांचे चाहते त्यांविषयी बोलू लागले म्हणजे युद्धापेक्षा शोक, अपराधभाव आणि अनुकंपा यांचाच उल्लेख अधिक करतात. घरातील वडीलमंडळींना मात्र तीच चित्रे निव्वळ ‘मारामारी’ वाटतात. एकाच वस्तूविषयी इतकी परस्परविरुद्ध मते का व्हावीत, हा प्रश्न विचारार्ह आहे. हा वाद छापील चित्रकथांबरोबर किंवा जपानबरोबर आपल्याकडे आला, असे मात्र मानता येत नाही. त्याची सामग्री छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच, अजिंठा, वेरूळ आणि पैठण या तीन स्थळी, विखुरलेली आहे.

प्रथम अजिंठ्याचा विचार करू. क्रमांक १० च्या लेण्यात इसवी सनापूर्वीच्या काळातील षड्दंत जातकाचे चित्रण आहे. सहा सुळ्यांच्या गजराजाची पूर्वजन्मीची पत्नी मत्सराने पुढील जन्मी राणी होते आणि त्याचे सुळे आणण्यासाठी व्याधास धाडते. बाण लागलेला हत्ती व्याधास मारीत नाही, उलट सुळे कापण्यास त्यालाच साहाय्य करतो. चित्रकाराने ही कथा सुळे हाती येण्यापाशी संपविलेली नाही. ते सुळे पाहताच मूर्च्छित होणारी राणी त्याने रंगविली आहे. सूड पूर्ण झाला, आणि तो पूर्ण झाल्याच्या क्षणीच सूड घेणारी व्यक्ती कोसळली. येथे हिंसेचा शेवट हिंसा करविणाऱ्या व्यक्तीच्या मुखावर दाखविला आहे.

क्रमांक १७ चे लेणे या दृष्टीने अधिकच महत्त्वाचे आहे. त्यात सिंहलावदानाचे विस्तीर्ण चित्रण आहे. बुडालेले जहाज, सुंदर स्त्रियांच्या रूपाने व्यापाऱ्यांना मोहवून भक्षण करणाऱ्या राक्षसी, राजवाड्यात त्यांनी मांडलेला संहार आणि अखेर हत्ती-घोड्यांसह बेटावर केलेली स्वारी असे प्रसंग एकाच भिंतीवर आले आहेत. त्याच लेण्यात सुतसोम जातकही आहे. त्यात निद्रिस्त राजाजवळ आलेली सिंहीण, तिच्यापोटी जन्मलेला राजपुत्र, त्याला जडलेली नरमांसाची चटक आणि सत्यवचनी सुतसोमाने त्याचे केलेले मतपरिवर्तन, अशी कथा आहे. विद्या देहेजिया यांनी दाखविल्याप्रमाणे या भित्तिचित्रांतील प्रसंग पुष्कळदा काळाच्या क्रमाने न येता स्थळाच्या अनुरोधाने मांडलेले असतात. त्यामुळे प्रेक्षकाची दृष्टी एका चौकटीतून पुढच्या चौकटीत धावत नाही. ती संहारावरून शोकाकडे आणि शोकावरून पुन्हा संहाराकडे फिरत राहते.

या लेण्याचा शिलालेखही लक्षात घ्यावयास हवा. वाकाटक सम्राट हरिषेण याच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, एका मांडलिक राजाने हे लेणे खोदविले. त्याला रविसांब नावाचा धाकटा भाऊ होता. दोघांनी मिळून अश्मकादी प्रदेश जिंकले, परंतु पुढे त्या धाकट्या भावावर अनित्यतेचे वज्र कोसळले आणि वडील बंधूने पुण्यसंचयाकडे मन वळविले, असा त्या लेखाचा आशय आहे. चित्रांचे विषय या शोकातूनच निवडले गेले, असे ठामपणे म्हणता येणार नाही. परंतु ज्याने युद्ध केले होते आणि ज्याने आप्त गमावला होता, अशा पुरुषाच्या दानातून ही भिंत उभी राहिली, एवढे निश्चित. ती केवळ रक्ताच्या आवडीतून रंगली, असे म्हणणे म्हणूनच अवघड जाते.

वेरुळास माध्यम बदलते, परंतु प्रश्न तोच राहतो. क्रमांक १५ च्या दशावतार लेण्यात हिरण्यकशिपूस पकडणारा नृसिंह आहे. तेथेच अंधकासुरवधाच्या शिल्पात शिवाचे भैरवरूप आणि अस्थिपंजर झालेली काली आहे. कैलास लेण्याच्या मंडपावर रामायण आणि महाभारत एकाखाली एक अशा आडव्या पट्ट्यांत कोरले आहेत, आणि त्याच लेण्यात रावणावर झेप घेणारा जटायूही आहे. रौद्र आणि बीभत्स यांना देवालयात इतके मानाचे स्थान मिळाले, ही गोष्ट आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल. प्राचीन शास्त्रकारांना ती तशी वाटली नाही, आणि तिचे कारणही त्यांनी देऊन ठेवले आहे.

‘विष्णुधर्मोत्तर पुराणा’च्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्रात नऊ चित्ररस सांगितले आहेत. राहत्या घरात शृंगार, हास्य आणि शांत एवढेच रस रंगवावेत, अन्य रसांची चित्रे तेथे नसावीत, असा तेथे दंडक आहे. देवालयात आणि राजसभेत मात्र सर्व रसांना मुभा आहे. या दंडकातील एक बारकावा विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. घरातून वर्ज्य केलेल्या विषयांत युद्ध व स्मशान यांच्याबरोबरच करुण, मृत आणि दुःखार्त यांचाही समावेश आहे. शास्त्रकाराने मारणारा आणि रडणारा यांना निरनिराळ्या दालनांत ठेवलेले नाही. जेथे एकास मज्जाव तेथे दुसऱ्यासही मज्जाव, आणि जेथे एकास प्रवेश तेथे दुसऱ्यासही प्रवेश, असा हा नियम आहे. महाभारतातील युद्धाचे चित्र घरात लावू नये, हा महाराष्ट्रात अद्याप आढळणारा समज याच वृत्तीचा दिसतो.

या साहचर्याची उपपत्ती भरताच्या नाट्यशास्त्रात सापडते. भरताने आठ रसांपैकी शृंगार, रौद्र, वीर आणि बीभत्स हे चार मूळ मानले. शृंगारापासून हास्य, रौद्रापासून करुण, वीरापासून अद्भुत आणि बीभत्सापासून भयानक उत्पन्न होतो, असे त्याने सांगितले. रौद्राचे जे कर्म, त्याचे फलित म्हणजे करुण, असा त्याचा अभिप्राय आहे. वैदिक परंपरेने ‘रुद्र’ या नामाची व्युत्पत्ती ‘रुद्’ म्हणजे रडणे या धातूपासून लाविली आहे. आधुनिक भाषाशास्त्राच्या कसोटीस ती उतरो वा न उतरो, क्रोधाच्या देवतेच्या नावात रडणे ऐकण्याची ही प्रवृत्ती अर्थपूर्ण आहे. याच भरताने युद्ध, मरण आणि नगराचा वेढा हे प्रसंग अंकात प्रत्यक्ष न दाखविता प्रवेशकातून सुचवावेत, असेही सांगितले. चित्रकाराने ते बंधन मानलेले दिसत नाही. रंगभूमीने पडद्यामागे ठेवलेले मरण भिंतीने समोर आणले.

भिंतीवरील ही कथा पुढे कागदावर आणि लोकांच्या दारी आली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख आहे. ‘पैठण चित्रे’ या नावाने ओळखली जाणारी आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जतन केलेली चित्रे याच परंपरेची होत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने ही कला जिवंत ठेविली असून त्यांपैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. सुट्या चित्रांची जोडी पाठीस पाठ लावून चिकटविलेली असते, अशा चित्रांच्या संचास ‘पोथी’ म्हणतात, आणि देवळात वाद्यांच्या साथीने एकेक चित्र दाखवीत कथा गाइली जाते. बभ्रुवाहनाची कथा या परंपरेची आवडती आहे. पुत्र नकळत नव्हे, तर जाणूनबुजून पित्याशी लढतो, अर्जुनाचा शिरच्छेद करतो आणि मग मातेच्या विलापासमोर उभा राहतो. येथे प्रेक्षक एकटा नसतो. चित्र हाती धरणारा कथेकरी कोठे थांबावयाचे आणि कोठे गळा काढावयाचा, हे जाणतो. रौद्राकडून करुणाकडे जाण्याची वाट त्याच्या आवाजाने बांधलेली असते.

विसाव्या शतकात छपाईने ही व्यवस्था मोडली. चित्रकथा देवळातून आणि सभेतून निघाली व एकट्या मुलाच्या हाती आली. अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम यांनी १९५४ मध्ये भयकथा आणि गुन्हेगारी कथांच्या चित्रमालिकांवर कठोर टीका करणारा ग्रंथ लिहिला, आणि त्याच वर्षी तेथील प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता घालून घेतली. ब्रिटनने १९५५ मध्ये कायदा केला. भारताच्या संसदेने १९५६ मध्ये अल्पवयीनांस हानिकारक प्रकाशनांविषयीचा अधिनियम संमत केला. या कायद्याच्या व्याख्येत चित्रांनी सांगितलेल्या कथांचा स्पष्ट उल्लेख आहे. गुन्हे, हिंसा वा क्रौर्य आणि किळसवाणे किंवा भीषण प्रसंग हे त्यात आक्षेपार्ह ठरविले, परंतु ते प्रकाशन समग्रतः पाहता वीस वर्षांखालील व्यक्तीस बिघडविण्याकडे झुकत असेल तरच. चित्रसूत्राची कसोटी स्थळाची होती. या कायद्याने वयाची कसोटी आणली आणि तिच्याबरोबर समग्रतेचीही. चर्चा मात्र बहुधा पहिलीवरच थांबते आणि दुसरी विसरली जाते.

आपल्याकडील व्यवहार तर याहून निराळाच होता. १९५२ पासून मराठीत निघू लागलेल्या ‘चांदोबा’ने खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालणारा विक्रमराजा अनेक दशके घरोघरी पोहोचविला. १९६७ मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ने कुरुक्षेत्र मुलांच्या हाती दिले. त्यांस कोणी हिंसक वाङ्मय म्हटले नाही. परिचित कथेतील प्रेत बीभत्स वाटत नाही, परक्या कथेतील मात्र वाटते. मतभेदाचे एक मूळ हिंसेच्या प्रमाणात नसून ओळखीच्या अभावात आहे, हे यावरून दिसते.

जपानमध्येही हाच वाद झाला. तेथील ‘मांगा’ या शब्दाचा अक्षरार्थ स्वैर चित्रे असा आहे. तो गंभीर कथांना अपुरा वाटल्याने योशिहिरो तात्सुमी यांनी १९५७ मध्ये ‘गेकिगा’ म्हणजे नाट्यचित्रे हा शब्द योजला. केइजी नाकाझावा यांनी १९७३ पासून ‘हादाशी नो गेन’ या चित्रकथेत हिरोशिमाचा स्वानुभव मांडला. डिसेंबर २०१२ मध्ये मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने क्रूर दृश्यांचे कारण देऊन ती शालेय ग्रंथालयांच्या खुल्या कपाटांतून हटविण्यास सांगितले, आणि लोकांच्या विरोधानंतर ऑगस्ट २०१३ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. होरपळलेल्या माणसाचे चित्र क्रूर आहे म्हणून त्या माणसाचे दुःखही कपाटात बंद करावयाचे काय, असा तो पेच होता. करुणही घराबाहेर ठेवणाऱ्या चित्रसूत्रकारास तो अपरिचित वाटला नसता.

आरंभी उल्लेखिलेल्या कृतींकडे या दृष्टीने पाहिले असता चाहत्यांच्या मतातील तथ्य स्पष्ट होते. ‘डिमन स्लेयर’मध्ये राक्षस मरू लागताच त्याचे पूर्वीचे मानवी आयुष्य दिसते, आणि त्याला मारणारा नायकच त्याच्यासाठी हळहळतो. माकोतो युकिमुरा यांच्या ‘विनलँड सागा’त (२००५–२०२५) पित्याच्या सुडासाठी जगणारा मुलगा पुढे दास होतो, आपण मारलेल्यांना स्वप्नात पाहतो आणि शस्त्र टाकतो. अजिंठ्याशी या कृतींचा वंशसंबंध जोडण्याचे प्रयोजन नाही. रौद्रापासून करुण उपजतो, हे कथेच्या रचनेचे तत्त्व दोन्हीकडे कार्य करते, एवढाच येथे दावा आहे. हे तत्त्व सर्व हिंसक चित्रकथांत आढळते, असेही नाही. ‘बर्सर्क’मधील काही क्रौर्यदृश्ये तर करुणाच्या आधारानेही लहान वयात सोसवतील अशी नाहीत. वयाची मर्यादा त्यामुळे निरर्थक ठरत नाही. परंतु ती कोणी पाहावे एवढेच सांगते, कृतीचे मोल सांगत नाही.

मोलाचा हा भेद मराठी भाषेने आपल्या शब्दघटनेत नोंदविलेला आहे. ‘मारामारी’, ‘हाणामारी’, ‘कापाकापी’ या परस्परक्रियावाचक नामांत केवळ क्रिया असते. कोणी मारले आणि कोण मेले, हे त्या शब्दांतून कळत नाही. याउलट ‘अंधकासुरवध’ किंवा ‘कंसवध’ या समासांत मरणाऱ्याचे नाव प्रथम येते आणि वध मागाहून. ज्या चित्रकथेत मेलेल्यास नाव, भूतकाळ आणि त्याच्यासाठी रडणारे कोणी आहे, ती कितीही रक्तलांछित असली तरी मारामारी नव्हे. ज्या कथेत ते नाही, ती एक थेंब रक्त न दाखविताही क्रूर असू शकेल. मुलाच्या हातातील चित्रकथेविषयी मत देण्यापूर्वी तीत किती जण मेले हे मोजण्याऐवजी, त्यांच्यामागे कोणी मूर्च्छित झाले काय, हे पाहावयास हवे. दहाव्या लेण्यातील चित्रकाराने सुळ्यांपाशी न थांबता राणी रंगविली, ती याच जाणिवेने.