पद, वजन आणि बारभाई

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा आपल्या कार्यकारिणीचा प्रेमळ आग्रह झाला. यंदा कार्यकारिणीत बरीच तरुण मंडळी आली आहेत, म्हणून विषयही कारभाराचाच निवडला.

चारजणांनी मिळून घातलेल्या गोंधळाला आपण ‘बारभाईंचा कारभार’ म्हणतो. मूळ बारभाईंवर हा थोडा अन्यायच आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि चुलते रघुनाथराव गादीवर आले. पद त्यांचे, शिक्का त्यांचा, फौजही त्यांच्या हाताखाली. पण न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांना दोषी ठरवले आणि त्यांचे नैतिक वजन संपले. सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, हरिपंत फडके आदी कारभारी एकत्र आले. नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाईंना त्यांनी पुरंदरावर सुरक्षित ठेवले. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले आणि चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले, युद्ध झाले. १७७९ साली वडगावला इंग्रजांना नमते घ्यावे लागले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांनी रघुनाथरावांची बाजू सोडली.

ज्यांच्यापैकी कोणीही पेशवा नव्हता, त्यांनी पेशवाई राखली. मला वाटते, पद आणि वजन यांतला फरक इतका स्पष्ट दाखवणारे उदाहरण आपल्या इतिहासात दुसरे नाही.

पुढे बाराचे एक झाले. सखारामबापू कैदेत पडले आणि कारभार नानांच्या हाती एकवटला. नाना शिपाईगडी नव्हते. त्यांचे बळ दप्तरात होते. जमाखर्च त्यांच्या नजरेखालून जाई आणि दरबारोदरबारच्या बातम्या त्यांच्याकडे आधी पोचत. ज्याच्याकडे हिशेब आणि बातमी, त्याला तलवार उपसावी लागत नाही.

महादजी शिंद्यांची रीत निराळी. आपल्या ग्वाल्हेरला त्यांची ओळख सांगायला नको. कवायती फौजेच्या जोरावर त्यांनी दिल्लीत जम बसवला. १७८४ साली बादशहाकडून वकील-इ-मुतलक हे पद मिळवले, पण ते पेशव्यांच्या नावे. स्वतः त्यांचे नायब झाले. हाती एवढी सत्ता असूनही स्वतःला ‘पाटील’ म्हणवून घेण्यात त्यांना संतोष होता. त्या नम्रतेत मोठे धोरण होते. धन्याला मोठे करणाऱ्याला कोणी सहज अडवू शकत नाही. १७९२ मध्ये ते पुण्याला आले, तेव्हा उत्तरेतल्या मोहिमांच्या खर्चावरून नानांशी त्यांचे खटके उडाले. तरीही दोघांनी घर मोडू दिले नाही.

उणे राहिले ते पुढच्या पिढीत. १७९४ साली महादजी गेले. १७९५ साली एकवीस वर्षांचे सवाई माधवराव वाड्यात पडून मरण पावले. पद त्यांच्याकडे जन्मापासून होते, पण कारभाराची सवय नानांनी त्यांना लागू दिली नाही. १३ मार्च १८०० रोजी नाना गेले, त्यांच्याबरोबर त्यांचे वजनही गेले, कारण ते दुसऱ्या कोणाकडे सोपवलेलेच नव्हते. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावांनी वसईच्या तहावर सही केली. पेशवाई पुढे १८१८ पर्यंत चालली, पण कणा तेव्हाच मोडला होता.

आपले मंडळ म्हणजे काही पेशवाई नव्हे. पण परप्रांतात आपली संस्था टिकते ती अशाच वजनावर. मांडवाची परवानगी कोणाच्या शब्दाने मिळते, वर्गणीला कोणत्या घरी कोणी जायचे, मूर्तिकाराशी बोलणी कोण करतो, हे घटनेत कुठे लिहिलेले नसते. ते चारपाच ज्येष्ठांच्या डोक्यात असते. नवा अध्यक्ष निवडून आला, पण वही, किल्ली आणि ओळखी जुन्यांकडेच राहिल्या, तर आपण त्याला नुसती वस्त्रे दिली, कारभार दिला नाही, असे होईल.

आम्हा ज्येष्ठांना म्हणूनच विनंती आहे. यंदा वर्गणीला निघताना एक तरुण बरोबर घ्या, हिशेब त्याला लिहू द्या, तुम्ही शेजारी बसा. आणि तरुणांनो, पद मिळाले म्हणून वजन आपोआप येत नाही, ते कामाने येते. मांडव उतरवायला थांबणाऱ्याचा शब्द पुढच्या वर्षी सगळे ऐकतात.

श्रीगजानन सर्वांना सद्बुद्धी देवो, हीच प्रार्थना.