पडद्याची कड आणि एन्नोरचा दाखला

चेन्नईच्या उत्तर टोकाला खाडीकाठी वसलेल्या एन्नोरचा मोटार उद्योग जोडणीपासून सुरू झाला. रघुनंदन सरन यांनी 1948 मध्ये स्थापन केलेल्या अशोक मोटर्सने येथे आधी इंग्लंडहून आलेल्या सुट्या भागांतून ऑस्टिन मोटारी जोडल्या, मग लेलँड कंपनीशी करार करून मालमोटारींचे मूळ सांगाडे, म्हणजे चॅसिस, जोडण्यास घेतले, आणि 1955 मध्ये अशोक लेलँड हे नाव धारण केल्यानंतरच्या दशकांत हा कारखाना जोडणीकडून घडणीकडे व घडणीकडून स्वतःच्या आराखड्यांकडे टप्प्याटप्प्याने सरकला. याच शहराच्या पश्चिमेला श्रीपेरुंबुदूर येथे 2006 मध्ये नोकियाचे फोन आणि 2007 मध्ये सॅमसंगचे दूरदर्शन संच तयार होऊ लागले; मात्र त्यांतील पडद्यांच्या काचा परदेशातून येत राहिल्या आणि पडद्याच्या बाबतीत जोडणीच्या पहिल्या पायरीपलीकडची वाटचाल फार मंदावली. या पडद्यांची कड अरुंद करण्यासाठी तारांची जी मांडणी करावी लागते, तिचा इतिहास पाहिला म्हणजे पुढची पायरी किती अवघड आहे हे कळते.

सपाट पडद्याच्या काचेवर आडव्या व उभ्या वाहिन्यांचे जाळे असते. आडवी वाहिनी ठिपक्यांची एक ओळ जागी करते, तर उभ्या वाहिन्या त्या ओळीतील प्रत्येक ठिपक्याला प्रकाशाचे प्रमाण पुरवतात. ठिपक्यापाशी बसवलेला पातळ थराचा ट्रान्झिस्टर, म्हणजे सूक्ष्म विद्युत खटका, हे प्रमाण पुढच्या फेरीपर्यंत टिकू देतो. अशा खटक्यांनी चालणारे पडदे 1970 च्या दशकात अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कंपनीत टी. पीटर ब्रॉडी यांच्या चमूने करून दाखवले, आणि 1979 मध्ये स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातील ल कॉम्बर, स्पिअर व गैथ यांनी अस्फटिकी सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर सादर केल्यावर मोठ्या काचेवर हे जाळे स्वस्तात उमटवण्याचा मार्ग खुला झाला.

कडेची अडचण साध्या हिशेबातून स्पष्ट होते. 1920 गुणिले 1080 ठिपक्यांच्या पडद्यात प्रत्येक ठिपक्याचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन भाग असल्याने उभ्या वाहिन्या 5760 आणि आडव्या 1080 होतात. आडव्या वाहिन्या निम्म्या-निम्म्या दोन्ही बाजूंनी खाली त्यांना चालवणाऱ्या चिपपर्यंत न्यायच्या ठरवल्या, तर प्रत्येक कडेने 540 तारा उतरतात; तार व तिच्या शेजारची मोकळी जागा मिळून 6 मायक्रोमीटर धरले तरी त्यांनाच सव्वातीन मिलिमीटर रुंदी लागते. त्यातच दोन काचा जोडणाऱ्या चिकट पट्टीलाही त्याच कडेत जागा द्यावी लागते, आणि ही पट्टी अतिनील प्रकाशाने पक्की होत असल्यास तिच्याखालच्या धातूत प्रकाशासाठी फटी सोडाव्या लागतात.

पडद्याच्या खालच्या बाजूला प्रश्न वेगळा असतो. चिप काचेपेक्षा अरुंद असल्याने तिच्यापासून तारा पंख्यासारख्या पसरतात. मधल्या आखूड आणि टोकाच्या लांब होतात, आणि त्यांचा विद्युतरोध असमान झाला तर पडद्यावर फिकट-गडद पट्टे उमटतात. म्हणून आराखडाकार मधल्या तारांना मुद्दाम नागमोडी वळणे देतात किंवा टोकाच्या तारा रुंद करतात, आणि जागा वाचवण्यासाठी एकाआड एक तार वेगळ्या धातूथरात ठेवतात. मात्र दोन थरांचा रोध सारखा नसल्याने पुन्हा समतोल साधावा लागतो.

खरी सुटका झाली ती आडव्या वाहिन्या चालवणारे विद्युतमंडलच काचेवर उमटवल्यामुळे. या मंडलात एका ओळीचा टप्पा आपले काम झाले की पुढच्या ओळीला इशारा देतो, त्यामुळे शेकडो तारांऐवजी सर्व टप्प्यांना ताल देणाऱ्या काही मोजक्या वाहिन्या पुरतात. हे तंत्र एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोठ्या प्रमाणावर उत्पादनात आले. त्याचीही किंमत मोजावी लागते: अस्फटिकी सिलिकॉनमध्ये विद्युतकण संथ चालतात म्हणून ट्रान्झिस्टर मोठे करावे लागतात, आणि एकाच विद्युतदाबाखाली ते दीर्घकाळ राहिले तर ज्या दाबाला ते चालू होतात तो दाबच हळूहळू सरकतो, त्यामुळे त्यांना आळीपाळीने विश्रांती देणारी रचना करावी लागते. जपानच्या शार्प कंपनीने 2014 मध्ये हे मंडल थेट ठिपक्यांमध्ये विखरून पडद्याला हवा तो आकार देता येतो हे दाखवले, तर 2017 मधील आयफोन टेनमध्ये लवचीक पडद्याची खालची कड मागे दुमडून तारा दृष्टीआड करण्यात आल्या.

या प्रत्येक टप्प्यावर आराखडा आणि उत्पादन एकमेकांना बांधलेले दिसतात. तार किती बारीक करता येईल, दोन थरांत किती विचलन खपेल, हे त्या कारखान्याच्या यंत्रांवर ठरते. म्हणूनच हे ज्ञान जपान, कोरिया, तैवान व चीनमधील काच-कारखान्यांच्या भोवती साचले. महाराष्ट्रात नागपूरजवळ बुटीबोरी येथे ट्विनस्टार डिस्प्ले कंपनीच्या पडदा-कारखान्याची 2016 मध्ये मोठी चर्चा झाली, पण तो उभा राहिला नाही; केंद्र सरकारने डिसेंबर 2021 मध्ये 76,000 कोटी रुपयांच्या सेमीकंडक्टर कार्यक्रमात पडदा-कारखान्यांसाठीही अर्थसाहाय्याची तरतूद केली. चेन्नईत आयआयटी मद्रासमध्ये 2024 मध्ये सुरू झालेले अमोलेड संशोधन केंद्र, म्हणजे स्वयंप्रकाशी सेंद्रिय पडद्यांचा अभ्यास करणारी संस्था, या दिशेचे महत्त्वाचे पाऊल आहे.

एन्नोरचा दाखला असा की जोडणी ही सुरुवात म्हणून योग्य असते, पण मुक्काम म्हणून अपुरी ठरते. संशोधन केंद्रात आखलेली तार ज्या काचेवर उमटवून तपासायची, ती काच देशातच तयार झाली पाहिजे, आणि आराखडाकार व यंत्रचालक एकाच आवारात काम करू लागले पाहिजेत. त्याशिवाय पडद्याच्या कडेतील ही विद्या भारतात रुजणार नाही.