दारावरची थाप

सप्टेंबर २०२०. राज्य सरकारची 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली होती आणि आम्हा शिक्षकांनाही घरोघरी पाठवले होते. एका हातात ताप मोजायचे यंत्र, दुसऱ्या हातात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, बगलेत नावांचा कागद. एका घराचे दार अर्धेच उघडले. आतून वयस्क आवाज आला, "नाव लिखके लेके जाते क्या?" मी म्हटले, "जी खाला, लिखना पडता." दार लागले. मग मी बाहेरूनच सलाम केला, उर्दू शाळेची टीचर आहे, तुमची नात माझ्या वर्गात आहे, असे सांगितले. तेव्हा दार पूर्ण उघडले. चहाचाही आग्रह झाला; तोंडावर मास्क असल्याने तो नाकारावा लागला.

ते लागलेले दार माझ्या मनातून गेले नाही. पुढे १८९७च्या प्लेगविषयी वाचताना ते पुन्हा पुन्हा आठवत राहिले.

आपल्या पाठ्यपुस्तकांत त्या प्लेगची ओळख रँडच्या खुनापुरती असते. २२ जून १८९७ची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता, चापेकर बंधू. मुले तारीख पाठ करतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. पण चापेकरांच्या गोळीआधी कित्येक आठवडे पुण्यातल्या घराघरांत काय चालले होते, तो भाग मागेच राहतो.

ही साथ चीनच्या युनान प्रांतातून निघून १८९४मध्ये हाँगकाँगला पोचली होती. तिथेच येर्सिन या शास्त्रज्ञाला तिचा जंतू सापडला. बंदरे व जहाजे यांच्या वाटेने ती मुंबईत आली आणि सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ती ओळखली. पुढच्या तीसेक वर्षांत तिने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. युरोपातल्या सरकारांना धास्ती पडली ती व्यापाराची आणि हाजींच्या जहाजांची. १८९७मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणे बंद करण्यात आले. आयुष्यभर पै-पै साठवून निघालेल्या माणसांचे पाय बंदरावर थांबले. २०२० व २०२१ साली हिंदुस्थानातून कोणीच हजला जाऊ शकले नाही, तेव्हा आपल्याला वाटले की असे पूर्वी कधी घडलेच नव्हते.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. कायदा छोटा, चार कलमांचा. पण त्याने सरकारला घरात शिरण्याची, माणूस उचलून नेण्याची, सामान जाळण्याची मुभा दिली. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने झडतीसाठी गोरे सोल्जर आणले. त्यांना मराठी येत नव्हते, उर्दू येत नव्हती. देवघर कुठले, जनाना कुठला, हे त्यांना कळायचे कारणच नव्हते. आजारी माणूस लपवला आहे या संशयाने ते माजघरापर्यंत जात. कपडे व अंथरुणे जाळली जात, जमिनी उकरल्या जात. आणि प्लेग पसरत होता उंदरांच्या पिसवांतून! हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवले ते १८९८मध्ये. म्हणजे ज्या झडत्यांनी पुणे दुखावले, त्यांचा रोग थांबवायला उपयोग थोडाच होता.

बायकांच्या वागणुकीविषयी पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी वर्तमानपत्रात उघड तक्रार केली. गोखल्यांनी विलायतेत हे विषय काढले, पुरावा उभा करता आला नाही म्हणून परत आल्यावर त्यांना माफी मागावी लागली. माफीनाम्याची चर्चा आजही होते. बायकांची तक्रार मात्र त्या चर्चेत दबून जाते, असे मला वाटते.

त्याच दिवसांत त्याच शहराजवळ दुसरेही एक दार होते. हडपसरजवळ डॉ. यशवंत फुले यांनी दवाखाना उघडला होता. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथे पोचल्या. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तिथे रोगी स्वतःहून येत होते. रोग तोच, भीती तीच. फरक होता तो हात लावणाऱ्या माणसात.

मुंबईत वर्षभराने हाच प्रश्न मदनपुऱ्यात उभा राहिला. ९ मार्च १८९८. उत्तरेकडून आलेल्या जुलाह्यांची, म्हणजे मुसलमान विणकरांची ती वस्ती. एका आजारी मुलीला तपासून घेऊन जायला पथक आले आणि घरच्यांनी विरोध केला. बघता बघता दंगल पेटली, माणसे मेली, गोदीतले व गाडीवाले कामगार संपावर गेले. सरकारी कागदांत याची नोंद अडाणी जमावाचे वेड अशी झाली. मुलीच्या आईबापांना विचारले असते तर त्यांनी निराळे सांगितले असते.

आपली माणसे सुधारणेच्या विरोधात होती, असे यावरून कोणी म्हणेल तर ते खरे नाही. त्याच मुंबईत तरुण आगाखानांनी हाफकिनची लस लोकांसमोर टोचून घेतली, आपली खुश्रू लॉज ही वास्तू त्याच्या प्रयोगशाळेला दिली आणि खोजा जमातीतली माणसे टोचून घ्यायला पुढे आली. सुई तीच होती. साथीच्या गावात जाऊ नका आणि तिथून बाहेर पडू नका, ही हदीस तर आपल्या घरातली मुलेही जाणतात. हजरत उमर शामच्या वाटेवरून प्लेगची खबर ऐकून परतले होते. अलग राहण्याला आपला नकार नव्हता. अखेरीस सरकारनेही नमते घेतले. झडत्या ढिल्या झाल्या, मुंबईत जमातींचे दवाखाने निघाले. पुण्यातही हिंदू, मुसलमान व पारशी यांचे वेगवेगळे दवाखाने होतेच. खेड्यापाड्यांत लोकांनी स्वतःचा नियम केला: घरात उंदीर पडला की गाव सोडायचे आणि रानात झोपडी घालायची.

१९१८चा इन्फ्लुएन्झा त्याहून भयंकर होता, पण त्याची कहाणी लवकर सांगून होते, कारण सांगायला माणसे उरली नाहीत. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणत. जूनमध्ये मुंबई बंदरात आला, पावसाने दगा दिलेल्या दख्खनवर शरद ऋतूत तुटून पडला. देशात एक कोटीहून जास्त माणसे दगावली. आजाऱ्याला पाणी देणाऱ्या बायका पुरुषांहून अधिक मेल्या. १९२१च्या शिरगणतीत लोकसंख्या घटलेली दिसते. तसे दशक पुढे आले नाही. माझी दादी तिच्या सासूकडून ऐकलेले सांगायची: मय्यतीला खांदा द्यायला चार माणसे मिळेनात. यावेळी झडतीला कोणी आले नाही, आणि औषध घेऊनही कोणी आले नाही.

मग आमचे २०२०. कन्हेरीच्या शेजारी काटेवाडीत दरवर्षी तुकोबांच्या पालखीपुढे मेंढ्यांचे रिंगण होते. त्या वर्षी पालखी एस.टी.ने पंढरपूरला गेली आणि रस्ता रिकामा राहिला. आमची तरावीह घरात झाली, ईदची नमाज घरात झाली, गळाभेट गेली. इयादतीला जाणे हा सवाब, तोच गुन्ह्यासारखा झाला. मय्यतीचे गुस्ल प्लॅस्टिकच्या पिशवीपुढे थांबले. शाळा मोबाईलमध्ये गेली आणि घरातला एकमेव मोबाईल बापाबरोबर कामावर गेला. पहिली-दुसरीची मुले जवळपास दोन वर्षे अक्षरांपासून तुटली. ती पुन्हा वर्गात आली तेव्हा अलिफ-बे पासून सुरुवात करावी लागली.

आणि नावे. मार्चअखेर तबलीगची बातमी पेटली तशी भाजीवाल्याला नाव विचारले जाऊ लागले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे म्हटले. पण निकाल मोहल्ल्यात पोचायला वेळ लागतो. मी महिन्याभराने दारात उभी राहिले तेव्हा खालांना निकाल ठाऊक नव्हता, बातमी ठाऊक होती. माझ्या हातातला कागदही ज्या साथीसाठी होता, तिच्यावर १८९७चाच कायदा लावलेला होता.

२०२१मध्ये लस आली. खालांनी नातीकडून निरोप पाठवला: टीचरने घेतली का? घेतली असे कळल्यावर म्हणाल्या, "तो मेरे साथ चल." वाटेत एवढेच विचारले, सुई देणारी बाई आहे का. बाईच होती. टेबलावरच्या मुलाने नाव नोंदवले. परतताना त्यांनी मला हाक मारून थांबवले, मोबाईलवर आलेला संदेश पुढे केला आणि आपले नाव बरोबर लिहिले आहे ना, ते वाचून दाखवायला लावले.